परदेशातल्या मिलिटरी बेसवर आपली माणसं आणि आपला देव कसा शोधायचा

अमेरिकन मिलिटरीतल्या नवऱ्याची नाहीतर बायकोची बदलीची ऑर्डर आली, मग ती जपानमधलं योकोसुका किंवा ओकिनावा असो, जर्मनीतलं रामस्टाइन असो की कोरियातला कॅम्प हम्फ्रीज, घरात पहिले प्रश्न शाळेचे, गाडीचे, घराचे आणि कुत्र्याला कसं न्यायचं याचे असतात आणि ते बरोबरच आहे. पण तिथे आपलं कोण असणार, सणाला कुणाकडे जायचं, मन जड झालं तर कुठे बसायचं हे कोणी विचारतच नाही. तो प्रश्न तिथे पोचल्यावर काही आठवड्यांनी येतो, पेपरवर्क संपलेलं असतं, मुलं शाळेत जायला लागलेली असतात, जोडीदार जहाजावर किंवा फील्डवर गेलेला असतो आणि दुपारी घरात एकदम शांतता होते. अमेरिकन मिलिटरीत आता आपली बरीच मुलंमुली आहेत, कोणी एन्लिस्टेड, म्हणजे ऑफिसर नसलेले जवान, कोणी डॉक्टर, कोणी सिव्हिलियन इंजिनिअर म्हणून बेसवर आलेले, त्यामुळे हे एकदा मराठीत नीट लिहून ठेवावं असं कधीपासून वाटत होतं.

माझं सांगणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. बेसवर समाज आपोआप मिळत नाही पण मागितला तर मिळतो, कारण मागणाऱ्यासाठी तिथे ऑफिस, खोल्या आणि पगारी माणसं ठेवलेली असतात. आपली लोकं मागत नाहीत. आपल्याला वाटतं चॅपल म्हणजे चर्च, ते त्यांचं, आपण कशाला जायचं, उगाच कशाला कुणाला त्रास. हा संकोच सोडला की निम्मं काम झालं.

सुरुवात निघायच्या आधीच करा. ऑर्डर आल्यावर नव्या युनिटकडून एक स्पॉन्सर नेमून मिळतो, म्हणजे तिथलंच कोणीतरी जे तुम्हाला एअरपोर्टवर घ्यायला येणं, तात्पुरतं राहायचं बुकिंग, मेलबॉक्स वगैरे बघतं. त्याला ईमेलमधे घर-शाळेबरोबर अजून दोन ओळी लिहा, की आम्ही हिंदू आहोत (किंवा बौद्ध, मुस्लिम, कॅथलिक, जे असाल ते), बेसवर आमच्यातलं कोणी माहीत आहे का आणि चॅपलचा फोन नंबर काय. स्पॉन्सरला माहीत नसेल तर तो विचारून सांगतो, हे त्याचं कामच आहे. दुसरं, सर्व्हिस मेंबरच्या, म्हणजे युनिफॉर्ममधल्या जोडीदाराच्या, रेकॉर्डमधे धर्माची नोंद असते, ती काय आहे ते बघा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भरती होताना गडबडीत 'नो प्रेफरन्स' टाकलेलं असतं. मग चॅपलवाले आकडे काढतात तेव्हा त्या बेसवर हिंदू शून्य दिसतात, आणि शून्य माणसांसाठी कोणी खोली राखून ठेवत नाही. नोंद बदलता येते, युनिटच्या अ‍ॅडमिनला विचारा, आणि तीच नोंद डॉग टॅगवर, म्हणजे गळ्यातल्या ओळखीच्या बिल्ल्यावरही येते.

देवघराचं सामान मोठ्या शिपमेंटमधे टाकू नका. घरसामानाला समुद्रमार्गे दोन-तीन महिने सहज लागतात. एक छोटी शिपमेंट आधी येते, अनअकम्पनीड बॅगेज म्हणतात, त्यात ताम्हण, निरांजन, पोथ्या, घंटा, पाट असं टाका आणि मूर्ती किंवा टाक मात्र हातातल्या बॅगेत घ्या. खायच्या वस्तू, बिया, सुकी फुलं, पानं, तांदूळ असलं काही पॅक करायच्या आधी त्या देशाचे क्वारंटीनचे नियम वाचा, जपान यात फार कडक आहे. पहिले काही आठवडे बेसवरच्या लॉजमधे जातात आणि तिथे उदबत्ती-मेणबत्ती लावायला बंदी असते, स्मोक डिटेक्टर खोलीत असतोच. बॅटरीवरची पणती आणि फोनवर लावलेली आरती एवढ्यावर पहिला महिना भागवा, देव समजून घेतो.

आता मुख्य गोष्ट, चॅपल ऑफिस. पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तिथे स्वतः जाऊन या, ईमेलची वाट बघू नका. दारात तुम्हाला बहुतेक करून चॅप्लेन, म्हणजे मिलिटरीतला धर्मगुरू, भेटणार नाही, त्याचा असिस्टंट भेटेल. नेव्हीत त्याला रिलिजस प्रोग्रॅम स्पेशालिस्ट म्हणतात, सगळे नुसतं आरपी म्हणतात, आर्मीत रिलिजस अफेअर्स स्पेशालिस्ट, एअर फोर्समधे रिलिजस अफेअर्स एअरमन. ही तरुण पोरं-पोरी असतात आणि खोल्यांचं कॅलेंडर, किल्ल्या, स्टोअररूम सगळं यांच्या हातात असतं, त्यामुळे यांच्याशी ओळख चांगली ठेवा, खरं सांगते, निम्म्या अडचणी इथेच सुटतात.

चॅप्लेन ख्रिश्चन असला तरी तो फक्त ख्रिश्चनांसाठी नसतो, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. त्याची जबाबदारी अशी की आपल्या धर्माचं काम त्यानं स्वतः करायचं आणि बाकी सगळ्यांसाठी सोय करून द्यायची. तो तुमची सत्यनारायणाची पूजा सांगणार नाही, त्याला तसं सांगायचंही नसतं, पण जागा, वेळ, चॅपलच्या बुलेटिनमधे नाव, बेसवरच्या इतर हिंदू कुटुंबांपर्यंत निरोप, हे सगळं त्याच्याकडे हक्कानं मागता येतं. चॅप्लेनच्या युनिफॉर्मवर त्याच्या धर्माचं चिन्ह असतं, क्रॉस, चंद्रकोर, ज्यूंच्या दहा आज्ञांच्या पाट्या, धम्मचक्र, आणि आता ॐ सुद्धा. आर्मीत पहिले मुस्लिम चॅप्लेन १९९३ मधे आले, नेव्हीत पहिल्या बौद्ध चॅप्लेन २००४ मधे, आणि प्रतिमा धर्म या अमेरिकन मिलिटरीतल्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या त्या २०११ मधे. म्हणजे हे सगळं तसं नवंच आहे, आणि हिंदू चॅप्लेन इतके थोडे आहेत की तुमच्या बेसवर असेल ही अपेक्षा धरून जाऊ नका. असेल तर आनंदच आहे.

ऑफिसात गेल्यावर काय बोलायचं तेही सांगते, कारण तिथेच लोक अडखळतात. "आम्ही नवीन आहोत, हिंदू आहोत, इथे हिंदूंचं काही चालतं का?" एवढं विचारा. उत्तर "नाही" आलं तर तिथून परत येऊ नका, पुढे विचारा, की आधी चालायचं का, शेवटचं कोण बघायचं, त्यांनी काही सामान ठेवलंय का. बेसवर माणसं सारखी बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी इथे दर रविवारी भजन होत असेल आणि आत्ताच्या आरपीला त्याचा पत्ताच नसेल असं अगदी होऊ शकतं. स्टोअररूममधे खोक्यात घंटा, चादरी, आरतीची पुस्तकं पडलेली सापडतात. मग तिसरा प्रश्न, तुमच्या नावाचा आणि नंबरचा कागद तिथे ठेवता येईल का, म्हणजे पुढचं कोणी हिंदू कुटुंब विचारायला आलं तर ते तुम्हाला गाठतील. हा कागद फार उपयोगी पडतो.

आणि काहीच चालत नसेल तर तुम्ही सुरू करू शकता. त्याला रस्ता आहे. नेव्हीत ले लीडर म्हणतात, आर्मीत डिस्टिंक्टिव्ह रिलिजस ग्रुप लीडर असं लांबलचक नाव आहे. म्हणजे चॅप्लेन नसलेला पण त्या धर्माचा एक विश्वासू माणूस, जो आपल्या लोकांची प्रार्थना घेतो आणि त्याची कमांडकडून रीतसर नेमणूक होते. त्यासाठी आपल्या संप्रदायाच्या एखाद्या मान्य संस्थेचं पत्र लागू शकतं, चिन्मय मिशनसारख्या संस्थांनी हे काम केलेलं आहे, मुलांबरोबर काम असेल तर बॅकग्राउंड चेकही होतो, आणि याला वेळ लागतो म्हणून लवकर अर्ज करा. तोपर्यंत घरी चार जण जमून रामरक्षा म्हणायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

आपल्यातले सगळे हिंदू नाहीत, त्यामुळे बाकीच्यांसाठीही दोन शब्द. कॅथलिक असाल, वसईकडचे वगैरे, तर तुमचं सगळ्यात सोपं आहे, मोठ्या बेसवर मास, म्हणजे चर्चमधली मिस्सा, असतोच, शिवाय मिलिटरी काउन्सिल ऑफ कॅथलिक विमेनचे ग्रुप असतात, आणि प्रोटेस्टंट बायकांसाठी पीडब्ल्यूओसी, म्हणजे प्रोटेस्टंट विमेन ऑफ द चॅपल. मुस्लिम कुटुंबांनी जुम्म्याची खोली आणि रमझानमधे इफ्तारची सोय चॅपलमधे विचारावी, आणि बाहेर सोलच्या इतेवोनमधे १९७६ पासूनची मोठी मशीद आहे, टोकियोत टोकियो जामी आहे. बौद्ध बांधवांना जपान-कोरियात देवळं पावलोपावली मिळतील पण तिथली परंपरा वेगळी, वंदना वेगळी, बाबासाहेबांचं नाव तिथे कुणी घेणार नाही, त्यामुळे विहाराची सवय असलेल्याला आधी परकं वाटतं. तरी जा. कोरियात २००२ पासून टेम्पलस्टे नावाचा कार्यक्रम चालतो, देवळात एक रात्र राहायचं, पहाटे त्यांच्याबरोबर उठायचं, ध्यान करायचं, परदेशी माणसांची त्यांना सवय आहे. चौदा एप्रिलचा कार्यक्रम करायचा असेल तर चॅपलमधे खोली मागा, ती मागणीही बाकीच्यांइतकीच रास्त आहे.

आता गणपतीचं बोलू कारण खरी परीक्षा तिथे होते. बेसवर बदल्यांचा सीझन साधारण मे ते ऑगस्ट, त्यात निम्मी माणसं जातात आणि निम्मी नवी येतात, आणि गणपती बरोबर त्याच्या मागोमाग येतो. म्हणजे नव्या कुटुंबांना गाठायला याच्याइतकी चांगली वेळ वर्षात दुसरी नाही, पण तयारी करणारा माणूस तेव्हा नेमका खोकी उघडत बसलेला असतो. म्हणून जे जुने आहेत त्यांनी जूनमधेच चॅपलच्या कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवावी. खोली मागताना चॅपलचा मुख्य हॉल मागण्यापेक्षा अ‍ॅनेक्स मागा, ती शेजारची जोड-इमारत, तिथे किचन असतं, फोल्डिंग टेबलं असतात, आणि लहान मुलं पळाली तरी कोणी बघत नाही. किती माणसं, किती तास, जेवण आहे का, दिवा लावणार आहात का, हे सगळं स्पष्ट लिहून द्या.

दिव्याचं खरंच आधी विचारा. निरांजन, उदबत्ती, कापूर यांना बिल्डिंगच्या मॅनेजरची नाहीतर बेसच्या फायर डिपार्टमेंटची परवानगी लागते, आणि होम करायचा असेल तर तो बाहेर मोकळ्यावरच आणि लेखी परवानगीनंच. न विचारता कापूर लावला आणि अलार्म वाजला की फायर इंजिन येतं, अख्खी बिल्डिंग रिकामी होते आणि पुढच्या वर्षी खोली मागताना ती गोष्ट सगळ्यांना आठवते. बराकीत राहणाऱ्या सिंगल मुलांना तर उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी बंदच असते, त्यांना आरतीला आवर्जून बोलवा, आई-वडील लांब, सण एकट्यानं, त्यांना त्या एका ताटाची किती किंमत असते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

वर्गणी मात्र काढू नका. आपल्याला वाटतं त्यात काय, प्रत्येकी वीस डॉलर, पण बेसवर पैसे गोळा करण्याचे नियम आहेत, नियमित पैसे जमवणाऱ्या ग्रुपला प्रायव्हेट ऑर्गनायझेशन म्हणून मान्यता घ्यावी लागते, आणि युनिफॉर्ममधल्या सीनिअरनं ज्युनिअरकडे पैसे मागणं तर फारच वाईट दिसतं. पॉटलक करा. कोणी मसालेभात, कोणी खीर, कोणी नुसत्या प्लेटा-ग्लास. चॅपलच्या चालू कार्यक्रमांत तुमचं नाव लागलं तर थोडा खर्च चॅपलच्या फंडातूनही होऊ शकतो, तेही विचारायचं.

आरती छापून ठेवा, देवनागरीत आणि शेजारी इंग्रजी लिपीत, कारण इथे वाढलेल्या मुलांना वाचता येत नाही आणि शेजारचे फिलिपिनो, तेलुगू, नेपाळी, गुयानाचे लोक पण येतात. हो, गुयाना आणि त्रिनिदादचे हिंदू अमेरिकन मिलिटरीत भेटतात, पिढ्यान्‌पिढ्या लांब राहिलेली माणसं, त्यांची आरती आपल्याहून वेगळी पण श्रद्धा अगदी पक्की. आपण 'सुखकर्ता' म्हणतो तेव्हा ते टाळ्या धरतात, मग ते 'जय जगदीश हरे' सुरू करतात आणि आपण मागून म्हणतो, लोखंडी खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, फोल्डिंग टेबलावर पैठणीचा जुना पदर अंथरलेला, त्यावर शाडूचा वीतभर गणपती, आणि आरपी पोरगा दाराशी उभा राहून बूट काढायचे का म्हणून हळूच विचारतोय. असा ग्रुप फक्त मराठी ठेवायचा हट्ट करू नका. बेसवर मराठी घरं दोन-तीनच असतील, हिंदू म्हणून आठ-दहा निघतील, आणि 'भारत-नेपाळकडचे सगळे' म्हटलं की खोली भरते. विसर्जन घरी बादलीत करा, बेसच्या किनाऱ्यावर किंवा बाहेरच्या नदीत अजिबात नको.

बेसच्या बाहेरही आपली माणसं असतात आणि तीही जोडायला हवीत. टोकियोत निशी-कसाई भागात २००० च्या सुमारास आयटीवाले भारतीय येऊन राहिले, आज तिथे किराणा, शाळा सगळं आहे, टोकियो मराठी मंडळ गणेशोत्सव करतं. जर्मनीत फ्रँकफर्ट आणि म्युनिकला मराठी लोक बऱ्यापैकी आहेत, आणि रामस्टाइनहून गाडीनं तीनेक तासांवर हाम शहरात कामाक्षी अम्मनचं मोठं दाक्षिणात्य गोपुराचं देऊळ आहे, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी उभं केलेलं, २००२ मधे त्याची प्रतिष्ठापना झाली. पण बाहेरच्यांना बेसवर बोलवताना एक लक्षात ठेवा, पाहुण्याला गेटवर पास काढून, सोबत राहून आणावं लागतं, आणि पाहुणा ना अमेरिकन ना त्या देशाचा नागरिक, म्हणजे आपल्यासारखा भारतीय पासपोर्टवाला असेल, तर आधीपासून वेगळी परवानगी लागू शकते. पास ऑफिसला काही आठवडे आधी नावं द्या, नाहीतर टोकियोहून आरतीला आलेले काका-काकू गेटवर ताटकळतात आणि फार वाईट वाटतं. मोठा कार्यक्रम असेल तर आपणच बाहेर जाणं सोपं.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडीदाराच्या कामाबद्दल काही लिहू नका. जहाज कधी निघणार, कुठे आहे, कधी परत येणार, यातलं काहीही नाही. समोरचा अगदी प्रेमानं विचारतो, "भाऊजी दिवाळीला असतील ना?" तेव्हा "अजून ठरलं नाही" एवढंच सांगायचं, तारीख माहीत असली तरी. गेटचे, जहाजांचे फोटो टाकायचे नाहीत. हे आपल्याच माणसांच्या जिवासाठी आहे. आणि अजून एक, कमिसरी आणि एक्स्चेंज, म्हणजे बेसवरचं किराणा दुकान आणि स्टोअर, इथला माल आपल्याला करमाफीत मिळतो, तो बाहेरच्या मित्रांना आणून देणं किंवा विकणं हे त्या देशाबरोबरच्या सोफा कराराच्या, म्हणजे तिथल्या अमेरिकन फौजेचे हक्क आणि नियम ठरवणाऱ्या कराराच्या, विरुद्ध जातं, एपीओ-एफपीओ या मिलिटरी टपालाच्या पत्त्यावर त्यांची पार्सलं मागवणंही तसंच. घरी जेवायला बोलवा, पोटभर वाढा, पण "येताना स्वस्त बदाम आण ना" ला प्रेमानं नाही म्हणा.

जपानमधे असाल तर एक सुंदर गोष्ट सांगते जी मला फार जवळची आहे. आपले देव तिथे आधीच पोचलेले आहेत, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे. योकोसुकाहून ट्रेननं कामाकुराला जा, तिथून एनोदेन ही छोटी ट्रेन पकडून एनोशिमा स्टेशनवर उतरा आणि पुलावरून चालत बेटावर जा, तिथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे त्यांचं वाद्य, आणि तिथल्याच अष्टकोनी मंदिरात तिचं आठ हातांचं रूपही आहे. वसंत पंचमीला मुलांना घेऊन जाण्यासारखी याहून चांगली जागा नाही. टोकियोत असाकुसाला मात्सुचियामा शोदेन आहे, तिथे कांगितेन, म्हणजे गणपतीचं जपानी रूप. मूर्ती दर्शनाला उघडी ठेवत नाहीत, आणि नैवेद्य मुळ्याचा. पांढरा लांब मुळा, देवळातच विकत मिळतो, लोक श्रद्धेनं वाहतात, आणि ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो तेव्हा येणाऱ्यांना शिजवलेला मुळा प्रसाद म्हणून देतात. शिबामाताला ताइशाकुतेन, तो आपला इंद्र. तिथे आपल्या पद्धतीनं जोरात आरती वगैरे म्हणू नका, त्यांची रीत आधी बघा आणि तसं करा, शांतपणे हात जोडले तरी मन भरून येतं. बाहेरगावी देऊळ नाही म्हणून हळहळण्याआधी आसपास नीट बघा एवढंच म्हणते.

धर्माच्या पलीकडेही बेसवर माणसं जोडायच्या जागा असतात. नेव्हीत प्रत्येक कमांडला ऑम्बड्समन असतो, १९७० मधे अ‍ॅडमिरल झुमवॉल्ट यांनी ही पद्धत सुरू केली, बहुतेक कोणीतरी सर्व्हिस मेंबरची बायको किंवा नवरा, स्वयंसेवक, कुटुंबाची अडचण कमांडपर्यंत नेणारा. आर्मीत सोल्जर अँड फॅमिली रेडिनेस ग्रुप, एअर फोर्समधे आधी की स्पाउस म्हणून ओळखली जायची ती व्यवस्था. योकोसुकाला नव्या लोकांसाठी एरिया ओरिएंटेशन असतं, त्याला जोडीदारानंही जावं, तिथल्या पहिल्या ओळखी पुढे टिकतात, सगळेच नवीन आणि सगळेच गोंधळलेले. मे महिन्यात एशियन अमेरिकन हेरिटेजचे कार्यक्रम असायचे, पण २०२५ च्या सुरुवातीला मिलिटरीनं असे महिने सरकारी खर्चानं साजरे करणं बंद केलं, त्यामुळे बेसवर दुसरा कुठला कार्यक्रम असेल तर लेझीम, लावणी, रांगोळी काहीही घेऊन जा, एका संध्याकाळीत अख्ख्या बेसला कळतं की तुम्ही कोण. चॅपलच्या बायकांच्या बायबल स्टडीला बोलावलं तर जायला हरकत नाही, जेवण असतं, मुलं सांभाळायला कोणी असतं, मैत्रिणी मिळतात. आपण कोण ते पहिल्या दिवशी सरळ सांगा, लपवू नका. बहुतेक जणी मान ठेवतात. कोणी धर्म बदलायचा आग्रह धरायलाच लागलं तर इन्स्टॉलेशन चॅप्लेनला, म्हणजे अख्ख्या बेसच्या मुख्य चॅप्लेनला, किंवा इक्वल अपॉर्चुनिटी ऑफिसला सांगता येतं, आणि सांगावं.

जोडीदार डिप्लॉय झाल्यावरचे, म्हणजे मोहिमेवर गेल्यावरचे महिने कठीण जातात. या काळात चॅप्लेनचा एक उपयोग असा आहे जो हिंदू-मुस्लिम-ख्रिश्चन कशाशीच बांधलेला नाही. चॅप्लेनशी सल्ल्यासाठी, आधारासाठी बोललेलं गुप्त राहतं, मिलिटरीच्या कायद्यातच तसं संरक्षण आहे, तुमच्या परवानगीशिवाय तो ते कमांडरला सांगत नाही. आपल्या बायका म्हणतात, मी रडले तर त्याच्या करिअरवर डाग येईल का. नाही येत. पंजाबी भाभी असो की कोकणातली वहिनी, मी प्रत्येकीला हेच सांगते, एक तास वेळ मागा आणि जाऊन बोला, तो तुमच्या देवाला नाव ठेवणार नाही. चॅप्लेनशी नको असेल तर मिलिटरी वनसोर्स ही मदतीची फोनलाइन चोवीस तास आहे, फॅमिली सेंटरमधे काउन्सेलर आहेत. आणि जोडीदाराच्या जहाजावरही चॅप्लेन किंवा ले लीडर असू शकतो, निघण्याआधी त्यालाही विचारायला सांगा, समुद्रावर संकष्टीला अथर्वशीर्ष म्हणायला अजून एक माणूस मिळाला तर ती गोष्ट साधी नाही. युनिफॉर्ममधल्या माणसाला धर्मासाठी काही सवलत हवी असेल, तर ती चेन ऑफ कमांडमधून लेखी मागायची असते आणि त्यात चॅप्लेनची मुलाखत होते, २०२२ मधे एअर फोर्समधल्या एका हिंदू जवानाला ड्यूटीवर टिळा लावायची परवानगी अशीच मागून मिळाली.

मुलांसाठी बालवर्ग काढायचा तर आधी दोन मोठी माणसं ठरवा, कारण मुलांबरोबर एकट्यानं बसायची चॅपलमधे पद्धत नाही. महिन्यातून दोनदा, तासभर, दोन श्लोक, एक गोष्ट आणि खाऊ. याहून मोठं काही आखू नका, टिकत नाही. सणाच्या दिवशी शाळेत सुट्टी हवी असेल तर बेसवरच्या शाळेला आधी चिठ्ठी द्या, धार्मिक कारणाची गैरहजेरी मान्य करतात.

शेवटचं काम जायच्या आधीचं. कुटुंबासह परदेशातली पोस्टिंग साधारण दोन-तीन वर्षांची, त्यामुळे तुम्ही उभं केलेलं तुमच्याबरोबर संपू शकतं. निघायच्या सहा महिने आधी पुढची व्यक्ती शोधा आणि तिला सोबत घेऊन एक सण करा, नुसतं सांगून होत नाही. एक फाइल करा, खोली कुणाकडे मागायची, फायर डिपार्टमेंटला कुठला फॉर्म दिला, मागच्या वर्षी किती माणसं आली, फुलं कुठे मिळाली, ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण. एक प्रत आरपीकडे, एक त्या नव्या ताईकडे. पितळेची मोठी समई, सतरंज्या, मोठी पातेली चॅपलच्या स्टोअररूममधे नाव लिहून ठेवून द्या, घरी नेलं तर तुमच्या बदलीच्या सामानाच्या वजनाची मर्यादाच भरेल. आणि नव्या बेसच्या चॅपलला त्याच आठवड्यात ईमेल टाका, तिथे कोण आहे विचारा, तुम्ही पोचायच्या आत तुमचा नंबर त्यांच्या कागदावर लागलेला असू दे.